बॅग आमच्या खांद्यावर, स्टिक त्यांच्या हातात

जयंती उत्सव समितीची बैठक विहारात भरली होती. क्रीडा स्पर्धांचा विषय निघाला. कबड्डी ठरली, कॅरम ठरला, टेनिस बॉल क्रिकेटची प्रवेश फी किती ठेवायची यावर अर्धा तास वाद झाला. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा म्हणाला, "वकीलसाहेब, गोल्फची पण स्पर्धा ठेवा ना." सगळे हसले. मीही हसलो.

तो मात्र हसला नाही. वय एकोणीस. आमच्या वस्तीला लागून नाला आहे, नाल्यापलीकडे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे गोल्फचे मैदान. तिथे तो तीन वर्षांपासून कॅडीचे काम करतो. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची स्टिकांनी भरलेली जड बॅग खांद्यावर घेऊन चार तास, आठ-नऊ किलोमीटर त्याच्याबरोबर चालणारा माणूस. बैठक संपल्यावर चपला घालता घालता तो मला म्हणाला, "साहेब मला विचारतात, कितव्या नंबरची घेऊ? मी सांगतो, सात नंबर घ्या. वारा समोरून असला तर सहा. ते नुसते मारतात. सोमवारी ग्राउंड बंद असतं, तेव्हा आम्ही पोरं खेळतो. माझे ऐंशीच्या आत होतात. साहेबांचे शंभरावर जातात."

गोल्फ न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो. या खेळात ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. म्हणजे बॅग उचलणारा मुलगा बॅगेच्या मालकापेक्षा वीस फटक्यांनी सरस आहे. तरीही त्या मैदानाच्या लेखी एक खेळाडू आहे आणि दुसरा हमाल आहे.

त्या रात्री मला माझ्याच हसण्याची लाज वाटली. आपल्या मुलाने डॉक्टर व्हायचे म्हटले, कलेक्टर व्हायचे म्हटले तर आपण हसत नाही. गोल्फ म्हटल्यावर का हसलो? कारण तो खेळ 'त्यांचा' आहे हे आपण मनातून मान्य करून टाकले आहे. अधिकाधिक लोकांनी गोल्फ खेळावा, हा खेळ वाढला पाहिजे, असे अलीकडे सगळेच बोलतात. क्रीडा संघटना बोलतात आणि 'गोल्फ व्ह्यू' फ्लॅट विकणारे बिल्डरही बोलतात. पण खेळ भाषणांनी वाढत नाही. मैदानाचे फाटक कुणासाठी उघडते आणि कुणासाठी बंद राहते, त्यावर तो वाढतो किंवा खुंटतो.

खेळ जन्मला तो सार्वजनिक जमिनीवर

गोल्फ हा जन्मतः साहेबांचा खेळ आहे, हा पहिला गैरसमज. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव गोल्फचे माहेर मानले जाते. तिथे समुद्रकाठच्या वाळूच्या, गवताच्या पडीक जमिनीवर गावकरी खेळत. १५५२ साली तिथल्या आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एक सनद दिली. त्या सनदेने गावकऱ्यांचा त्या जमिनीवर गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा हक्क मान्य केला. पुढे नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि १७९७ साली ती जमीन खासगी हातात गेली. घेणाऱ्यांनी तिथे ससे पाळायला सुरुवात केली. मग गावकरी आणि मालक यांच्यात हाणामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण आमचा खेळण्याचा हक्क गेला, असे गावाने कधी मानले नाही.

आज ते जगातले सर्वांत मानाचे मैदान कोणत्याही क्लबच्या मालकीचे नाही. १९७४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून त्याचा कारभार एका ट्रस्टकडे सोपवला. गावातल्या रहिवाशांना कमी दरात वर्षाचा पास मिळतो. बाहेरच्यांसाठी चिठ्ठी पद्धतीने सोडत निघते. आणि एरवी, मोठ्या स्पर्धेचे दिवस सोडले तर, रविवारी त्या 'ओल्ड कोर्स'वर खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे मुलाबाळांसह, कुत्री घेऊन तिथे फिरायला जातात. जगज्जेते खेळाडू जिथे घाम गाळतात तिथे रविवारी गावातली आजी फिरते! आपल्याकडच्या कुठल्या गोल्फ मैदानावर हे शक्य आहे?

भारतात मात्र हा खेळ आला तो राज्यकर्त्यांच्या सामानातून. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो पहिला. तिथून छावण्या, थंड हवेची ठिकाणे आणि गव्हर्नरांची शहरे अशी गोल्फची वाट गेली. १९१८ साली मुंबईत विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला. हिंदी माणसाला सभासद होऊ देणारा क्लब म्हणून त्याचे कौतुक झाले. पण ती हिंदी माणसे कोण होती? संस्थानिक, गिरणीमालक, सर आणि बॅरिस्टर. रंगाची अट गेली, ऐपतीची आणि ओळखीची अट राहिली. १९४७ साली साहेब गेला. साहेबी गेली नाही.

बाळूंनी चेंडू टाकायचा, फलंदाजी करायची नाही

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. पळवणकर बाळू यांचे नाव आपल्या वाचकांना माहीत आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू १८९२ च्या सुमारास पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीला होते. काम काय? खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचा. त्या सरावातून देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. पण त्या क्लबात त्यांना फलंदाजी करू दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान होता! पुढे हिंदू संघात घेतले तेव्हाही चहा वेगळ्या कपात आणि जेवण वेगळ्या पंगतीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. त्यांच्या पुढच्या राजकारणाशी आपले मतभेद असतील. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि पडले. पण मैदानावर त्यांनी जे सोसले आणि जे मिळवले ते आपल्याच इतिहासाचे पान आहे.

आजचा कॅडी आणि तेव्हाचे बाळू यांच्यात फरक किती? बाळू खेळपट्टी बनवत, पण तिच्यावर उभे राहून बॅट धरू शकत नव्हते. कॅडीला मैदानाचा प्रत्येक चढउतार ठाऊक असतो. हिरवळीवर चेंडू कुठे वळेल हे तो सांगतो, पण फटका मारण्याचा मान त्याचा नाही. अनेक मैदानांवर आठवड्यातून एक दिवस देखभालीसाठी खेळ बंद ठेवतात आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. ही चांगली प्रथा आहे. पण ती मेहेरबानी आहे, हक्क नाही. सेक्रेटरी बदलला की मेहेरबानीही बदलते.

आणि या एका दिवसाच्या मेहेरबानीतून, फाटक्या हातमोज्यांतून आणि साहेबांनी टाकून दिलेल्या स्टिकांतून देशाला काय मिळाले ते पाहा. इंडियन ओपन ही देशाची एक मोठी स्पर्धा. ती जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर. साल १९९१. दिल्लीच्या मैदानावरचे ते एकेकाळचे कॅडी. २००९ साली तीच स्पर्धा जिंकली सी. मुनियप्पा यांनी. तेही बंगळूरचे कॅडी. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर हिरवळ राखणारे कामगार होते. मुलाने २००८ साली दिल्लीत युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही. बाबासाहेबांच्या जन्मगावचे, महूचे मुकेश कुमार २०१६ साली वयाच्या ५१ व्या वर्षी आशियाई टूरची पहिली स्पर्धा जिंकले. या लोकांची जात मला ठाऊक नाही आणि ती शोधायचीही नाही. एवढेच सांगायचे आहे की फाटक बोटभर उघडले तर इतके आले. पूर्ण उघडले तर किती येतील?

एक डॉलरचा भाडेपट्टा

आपण ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेणारी माणसे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा म्हटला की आपल्याला बस आठवते, शाळा आठवते. गोल्फ आठवत नाही. वकील म्हणून सांगतो, तिथल्या समतेच्या लढ्यातले काही महत्त्वाचे खटले गोल्फच्या मैदानावरचे आहेत.

चेंडू ज्या छोट्या खुंटीवर ठेवून पहिला फटका मारतात तिला 'टी' म्हणतात. लाकडी टीचे अमेरिकेतले पेटंट १८९९ साली घेतले डॉ. जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याने. पण पुढे व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने आपल्या घटनेत 'फक्त गौरवर्णीय' असे कलमच घातले. जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल या क्लबच्या प्रसिद्ध मास्टर्स स्पर्धेत १९८२ पर्यंत कॅडी क्लबचेच असत आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला १९७५ साली. पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला १९९० साली. स्त्रियांना सभासदत्व मिळायला २०१२ उजाडले. बॅग वाहायला काळा खांदा चालत होता, नावाच्या पाटीवर काळे नाव चालत नव्हते.

१९५१ साली अटलांटा शहरात डॉ. होम्स नावाचे एक कृष्णवर्णीय डॉक्टर आपल्या मुलांसह नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर गेले. त्यांना हाकलून दिले. ते कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने सांगितले, वेगळी पण समान सोय करा. म्हणजे वेगळा पाणवठा! होम्स कुटुंब तिथे थांबले नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि शहराचे मैदान सर्वांना खुले करायला लावले. रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला तो त्यानंतर काही आठवड्यांनी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्रीन्सबरो या गावी डॉ. जॉर्ज सिम्किन्स हे दंतवैद्य पाच सहकाऱ्यांसह गिलेस्पी पार्कच्या मैदानावर गेले. पंचाहत्तर सेंटची फी टेबलावर ठेवली आणि खेळायला सुरुवात केली. हे मैदान सरकारी पैशातून बांधलेले होते. पण कृष्णवर्णीयांना आत येऊ द्यावे लागू नये म्हणून नगरपालिकेने ते एका खासगी क्लबला भाडेपट्ट्याने दिले होते. भाडे वर्षाला एक डॉलर! आता हे खासगी आहे, इथे सभासदांनीच खेळायचे, असे उत्तर तयार ठेवले होते. या सहा जणांना अतिक्रमणाच्या गुन्ह्याखाली अटक झाली, तीस दिवसांची शिक्षा झाली. फेडरल कोर्टाने १९५७ साली सांगितले की भाडेपट्ट्याचा पडदा लावून नगरपालिकेला आपली जबाबदारी टाळता येणार नाही. मैदान खुले व्हायच्या आधीच क्लबहाऊसला आग लागली. मग नगरपालिकेने मैदानच बंद करून टाकले. गोऱ्यांनाही नको, पण काळ्यांना मिळता कामा नये! ते मैदान पुन्हा सुरू झाले १९६२ च्या अखेरीस. त्या सहा जणांची फौजदारी शिक्षा सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी कायम राहिली. शेवटी गव्हर्नरने ती कमी केली म्हणून तुरुंगवास टळला.

हे वाचताना मला महाड आठवले. चवदार तळे नगरपालिकेचे होते. तरीही १९२७ च्या सत्याग्रहानंतर विरोधकांनी कोर्टात काय सांगितले? तळे खासगी आहे, ते सार्वजनिक नाही. तो दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. पाणी असो की गवत, युक्ती एकच. जे सार्वजनिक आहे ते आधी खासगी करायचे आणि मग आमचा खासगी हक्क म्हणून फाटकावर रखवालदार उभा करायचा.

'फक्त गौरवर्णीय' हे कलम कसे गेले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. चार्ली सिफर्ड हे लहानपणी कॅडी होते. मोठेपणी उत्तम खेळूनही त्यांना मुख्य स्पर्धांची दारे बंद होती. त्यांच्या मदतीला कॅलिफोर्निया राज्याचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क आले. त्यांनी संघटनेला बजावले की वर्णभेदाचे कलम ठेवाल तर आमच्या राज्यातल्या सार्वजनिक मैदानांवर स्पर्धा घेता येणार नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये कलम काढले गेले. संघटनेचे मतपरिवर्तन होण्याची वाट मॉस्क यांनी पाहिली नाही. त्यांनी जमिनीवर बोट ठेवले. सिफर्ड यांनी १९६७ आणि १९६९ साली मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि २०१४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. तोवर ते नव्वदी पार करून गेले होते.

आपला कायदा काय सांगतो?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर शासनाच्या निधीतून राखलेली किंवा जनतेसाठी समर्पित केलेली सार्वजनिक ठिकाणेही आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कुणालाही अडवता येत नाही. पण वकिलाने आपल्या माणसांना खोटी आशा लावू नये. आज कुठल्याही क्लबच्या नियमावलीत जातीचे कलम नसते. तिथे असते ते लाखांत जाणारे प्रवेश शुल्क, दोन जुन्या सभासदांची शिफारस आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. जात तिथे नाव न सांगता उभी असते. २०१७ साली दिल्ली गोल्फ क्लबच्या भोजनगृहातून मेघालयातील एका खासी महिलेला उठायला सांगितले. ती पाहुणी म्हणून आली होती. तिच्या अंगावर तिच्या समाजाचा पारंपरिक पोशाख होता आणि ती मोलकरणीसारखी दिसते असे तिला ऐकवले गेले. बोभाटा झाल्यावर क्लबने माफी मागितली. तो क्लब उभा आहे तो केंद्र सरकारच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर.

म्हणून आपले बोट जमिनीवर असले पाहिजे. अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जागा लागते. शहरात एवढी जागा आली कुठून? अनेक ठिकाणी ती सरकारी आहे, छावणीची आहे, भाडेपट्ट्याची आहे. संरक्षण खात्याच्या जमिनींवरील कॅगच्या २०११ च्या अहवालात ९७ गोल्फ मैदाने आणि सुमारे आठ हजार एकर जमीन नोंदवलेली आहे. ही जमीन तुमच्या-माझ्या देशाची आहे. तिच्यावर गोल्फ खेळू नका असे मी म्हणत नाही. आम्हालाही खेळू द्या, एवढेच म्हणतो.

मिठाला कर नाही, खेळाला सूट आहे!

गोल्फमधली एक गोष्ट मला फार आवडली. तिला हँडिकॅप म्हणतात. मैदानाचे ठरलेले फटके बहात्तर असतील आणि एखाद्याला साधारण नव्वद लागत असतील तर त्याला अठरा फटक्यांची सूट मिळते. त्याच्या एकूण फटक्यांतून अठरा वजा करून निकाल लावतात. त्यामुळे नवखा आणि तरबेज एकाच स्पर्धेत बरोबरीने खेळू शकतात. ही सूट दया म्हणून मिळत नाही, आधीच्या खेळांच्या नोंदीवरून हिशेबाने मिळते. खेळ सुधारला की सूट कमी होते. ज्येष्ठांसाठी, मुलांसाठी पहिला फटका मारण्याची जागाही पुढे असते. सगळे एकाच रेषेवरून सुरू होत नाहीत हे या खेळाने प्रामाणिकपणे मान्य केले आहे. त्याने गुणवत्ता मेली असे कोणी म्हणत नाही.

आता गंमत पाहा. हाच खेळ खेळून झाल्यावर चहाच्या टेबलावर आरक्षणाने देशाचे वाटोळे केले असे सांगणारे गृहस्थ आपल्या कार्डावर अठराची सूट लिहून घेतात! त्यांना माझा विरोध नाही. उलट मी म्हणतो, तुमच्या खेळाचे तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ते मैदानाच्या आत आहे, फाटकावर नाही. आत आलेल्याला सूट, बाहेर राहिलेल्याला रखवालदार. हे उलटे आहे.

आक्षेप आणि उत्तरे

माझा हा विचार ऐकून चळवळीतले एक ज्येष्ठ सहकारी रागावले. म्हणाले, "वकीलसाहेब, डोक्यावर छप्पर नाही, नळाला पाणी नाही आणि तुम्ही गोल्फ काढलात?" त्यांचा राग रास्त आहे. मी स्वतः एका मोर्चात 'गोल्फचे मैदान हटवा, घरे द्या' अशी घोषणा दिलेली आहे. काही ठिकाणी ती आजही बरोबर ठरेल. कोणत्या जमिनीवर घरे हवीत आणि कोणत्या जमिनीवर मोकळी जागा हवी हे शहराच्या विकास आराखड्यात लोकांनी ठरवावे. पण शहरात मोकळी जागा राहणार असेल तर ती आपल्या मुलांसाठीही मोकळी हवी. आधी भाकरी, मग खेळ, असे म्हणत आपण आपल्या तीन पिढ्यांना खेळापासून दूर ठेवले. माणसाला नुसते पोट नसते.

दुसरा आक्षेप पाण्याचा. गोल्फच्या हिरवळीला भरपूर पाणी लागते हे खरे आहे. दुष्काळी महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यावर हिरवळ पोसणे हा गुन्हाच मानला पाहिजे. सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच पाणी वापरण्याची सक्ती हवी.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पूर्ण संच, बूट, मैदानाची फी असा हिशेब केला तर डोळे पांढरे होतात. पण सुरुवात करायला चौदा स्टिका लागत नाहीत. जुन्या बाजारातली एक सात नंबरची स्टिक आणि चेंडू मारण्याच्या सरावाची एक जागा पुरते. लहान मुलांसाठी प्लॅस्टिकच्या हलक्या स्टिका आणि मऊ चेंडू मिळतात, ते घेऊन शाळेच्या मैदानावर शिकवता येते. नऊ होलचे, आखूड पल्ल्याचे मैदान फार कमी जागेत बसते. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी स्वतः गोल्फ मैदान उभारले आहे. म्हणजे सरकारी संस्थेला मैदान बांधता येते. तिथे नगरपालिकेच्या शाळेतले मूल कोणत्या वारी, किती पैशात खेळू शकेल, एवढेच ठरवायचे बाकी राहते.

आणि संधी नाही असेही नाही. ११२ वर्षांच्या खंडानंतर २०१६ साली गोल्फ ऑलिंपिकमध्ये परत आले. २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत अदिती अशोक चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. त्या दिवशी पहाटे उठून सारा देश गोल्फ पाहत होता. आमच्या वस्तीतही मोबाइलभोवती पोरे जमली होती आणि त्यांना खेळ समजावून सांगत होता तोच कॅडी.

मागण्या साध्या आहेत. सरकारी किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील प्रत्येक गोल्फ मैदानाने आठवड्यातले ठरावीक तास नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलामुलींना द्यावेत आणि ही अट भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणातच घालावी. कॅडीचा सरावाचा दिवस लेखी द्यावा. कॅडी हा क्लब म्हणतो आमचा नोकर नाही आणि खेळणारा म्हणतो माझा नोकर नाही, असा अधांतरी कामगार आहे. त्याला ओळखपत्र, अपघात विमा आणि ठरलेला दर मिळावा. चांगला खेळणाऱ्या कॅडीला स्पर्धेची प्रवेश फी माफ असावी. यात क्रांतिकारक काही नाही. हे सगळे एका ठरावाने होऊ शकते.

आपणही काही करायचे आहे. ज्यांच्या वस्तीजवळ गोल्फचे मैदान आहे त्यांनी माहिती अधिकारात अर्ज करावा. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक मागावे, भाडेपट्ट्याची प्रत मागावी. भाडे किती, मुदत कधीची, सार्वजनिक वापराची अट आहे का, असल्यास ती पाळली जाते का, हे चार प्रश्न विचारावेत. शर्तभंग असेल तर तक्रार करावी. दगड मारून भिंत पडत नाही. कागद वाचला की कधी कधी ती मुळात कच्ची निघते.

आमच्या वस्तीतून असा अर्ज गेला आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत. दरम्यान जयंतीला आम्ही त्या मुलाचे ऐकले. विहाराच्या अंगणात त्याने पत्र्याचा डबा पुरून भोक तयार केले. टेपने मापून म्हणाला, "सव्वाचार इंच. जगात सगळीकडे हेच माप." पंधरा पावलांवर खडूची रेघ मारली. एक जुनी स्टिक आणि चार चेंडू एवढेच साहित्य. सुरुवातीला पोरे लाजली. मग रांग लागली. कबड्डीची पोरे आली, शिकवणीच्या मुली आल्या, उपासिका संघातल्या दोन मावश्याही पदर खोचून उभ्या राहिल्या. मी तीन चेंडू मारले, तिन्ही बाहेर. त्या मुलाने माझी कोपरे सरळ केली, पाय जुळवले आणि म्हणाला, "वकीलसाहेब, चेंडूकडे बघा, भोकाकडे नाही."

चौथा आत गेला. त्या वेळी त्याची बॅग माझ्या खांद्यावर होती, कारण शिकवताना त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते.

जयभीम.